मंत्रीसाहेब, तुमच्या बुटाचा नंबर काय?

प्रति,
मा. मंत्रीमहोदय
(खातं लिहीत नाही, तुम्ही हे वाचेपर्यंत बदललेलं असायचं)

विषय : आमच्या गावचा बंद पडलेला स्केटिंग रिंक आणि माझ्या पोरीचं डावं मनगट.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की उद्या कुणीतरी टेप घेऊन गॅरेजचं अतिक्रमण मोजायला येतंय. तुम्हाला गाव ओळखू येईल. नारळ फोडलाय तुम्ही इथं.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला माझी पोरगी बायपासला प्रॅक्टिस करत होती. आठवीत आहे. मी मागनं अ‍ॅक्टिव्हावर, हेडलाइट तिच्या पुढं पाडत, कारण हाच आमचा रिंक आणि हाच आमचा फ्लडलाइट. सध्या सीझन चालू आहे, रात्रभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं जातात आणि ट्रॉलीतनं ऊस गळत जातो. वीतभर कांडकं असतं एकेक. गाडीच्या टायरला ते कळतसुद्धा नाही, पण इनलाइन स्केटचं चाक अंगठ्याएवढं रुंद, ते कांडक्यावर गेलं आणि पोरगी माझ्या डोळ्यादेखत सहा-सात फूट लांब जाऊन पडली. हेल्मेट होतं, गुडघ्याला पॅड होते, हातमोजे होते. मनगटाची दोन्ही हाडं मोडली. तारा घातल्यात, सहा आठवडे प्लास्टर, विभागीय स्पर्धा गेली. खर्च सांगत नाही, तुम्हाला वाटेल मदत मागतोय. बरं, सांगतोच, बासष्ट हजार, आणि गॅरेज चार दिवस बंद ते वेगळंच.

इथपर्यंत मी नम्रपणे लिहिलंय साहेब. पुढची खात्री देत नाही.

तुम्ही आला होता तेव्हा बागेच्या गेटजवळ मांडव होता, फेटे होते, फलकावर 'भव्य सिंथेटिक स्केटिंग रिंक' असं लिहिलेलं होतं, त्यातलं 'स्केटिंग' चुकलेलं होतं पण ते जाऊ दे. तुम्ही माइकवर बोलला की पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत पोरं इथं खेळतील आणि उद्घाटनाला मी स्वतः स्केट घालून येतो. हशा, टाळ्या. माझी पोरगी तेव्हा पाचवीत होती, घरी येऊन विचारती, पप्पा, साहेबांना कितीचा साइज लागेल? तिला ते खरंच वाटलं होतं. तेव्हापासून तीन मे महिने गेले. फलक आहे अजून, त्यावर आता क्लासची जाहिरात चिकटवलीय.

भाषणात तुम्ही असंही म्हणाला की ही संकल्पना माझी. म्हणून जरा इतिहास सांगतो.

आमच्या गावात रिंक झाला तेव्हा मी दुसरीत होतो. बागेतलं कारंजं वर्षानुवर्षं बंद होतं, डास व्हायचे, तेव्हाच्या साहेबांनी कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी रिंक बघितला होता, ते म्हणाले कारंजं बुजवा आणि कोबा करा. बस्स, एवढीच संकल्पना. गवंडी मिरजेचा होता, कोबा असा घोटला होता की त्यावर पाणी सांडलं तर कुठं जाऊ आणि कुठं नको असं व्हायचं त्याला. माझे वडील बागेत रोजंदारीवर माळी होते, त्यांना सांगितलं आजपासून स्केट तू सांभाळ. तीस जोड. पट्ट्याचे लोखंडी स्केट, चपलेवरच बांधायचे, खालचा बोल्ट चावीनं सैल करायचा आणि पायाच्या मापानं लांबी वाढवायची. अर्ध्या तासाला दोन रुपये. गावात सगळे त्याला 'रिंग' म्हणायचे, वडील अजून म्हणतात.

रात्री वडील बेअरिंग काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे, सकाळी ब्रशनं घासून शिलाई मशीनचं तेल सोडायचे. ६०८ नंबरचा बेअरिंग, भोक आठ एमएम, बाहेरनं बावीस, जाडी सात. मला एबीसीडीच्या आधी हे आकडे पाठ होते, आज माझं गॅरेज चालतंय ते त्या रॉकेलच्या डब्यावर. वडिलांना मात्र २१ वर्षं परमनंट केलं नाही. २४० दिवस भरत आले की ब्रेक, पुन्हा नवीन ऑर्डर, पुन्हा ब्रेक. पेन्शन नाही, काही नाही, आता गुडघे गेलेत. हा विषय वेगळा आहे, माहीत आहे मला. पण माझ्यासाठी वेगळा नाही.

सुरुवातीला तालमीतली पोरं रिंकला हसायची. हा हिंदकेसरी मारुती मानेंचा जिल्हा, इथं खेळ म्हणजे लाल माती. मग एक दिवस एक पैलवान पैजेवर चढला आणि पहिल्या मिनिटाला पाठ जमिनीला लागली, कुस्तीच्या नियमानं चीतपट. दुसऱ्या दिवसापासनं निम्मी तालीम रिंकवर. संध्याकाळी बायका कठड्यावर बसून भडंग खात बघायच्या. आणि ज्या पोरींना घरचे सायकल देत नव्हते त्या इथं चाकावर असायच्या, कारण चार भिंतींच्या आत होतं ना, कुणाचं काही म्हणणं नसायचं. माझ्या बायकोला मी पहिल्यांदा तिथंच बघितलं, ती कठडा धरूनच चालत होती, तासाभराचे चार रुपये भरून.

स्केटचा शोध कसा लागला माहितीय का साहेब? वडिलांना एका ट्रेनर सरांनी सांगितलेलं. १७६० च्या दशकात लंडनमध्ये मर्लिन नावाचा एक कारागीर एका पार्टीत व्हायोलिन वाजवत चाकावरनं घुसला. चाकं केली होती पण वळायची सोय नाही, थांबायची सोय नाही, जाऊन आदळला थेट भल्यामोठ्या आरशावर. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, स्वतः पण फुटला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८६३ ला, अमेरिकेत प्लिंप्टन नावाच्या माणसानं चार चाकांचा असा स्केट काढला की अंग जिकडं झुकेल तिकडं चाक वळतंय. झुकायचं तिकडं वळायचं, हे तंत्र तुमच्या क्षेत्रात कुणाला शिकवायला नको. थांबायचं तंत्र तेवढं शिका.

आता मूळ मुद्दा. फाइलवर लिहिलंय की रिंक 'महापुरामुळे नादुरुस्त' झाला. साफ खोटं आहे. २००५ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, आमची बाग बुडाली, रिंकवर गुडघाभर गाळ. पाणी उतरल्यावर पोरांनीच फावडी-खराटे घेऊन आठ दिवसांत साफ केला, खाली कोबा जसाच्या तसा. २०१९ ला आयर्विनला ५७ फूट झालं, तरी कोबा टिकला. कृष्णामाईनं काही केलं नाही हो. रिंक गेला तो मांडवानं.

२०१९ नंतर मदतीचं सामान ठेवायला रिंक घेतला, ठीक आहे, वेळ तशी होती, आम्हीच पोती उतरवली. पण सामान गेल्यावर कुलूप तसंच राहिलं. मग सपाट जागा मोकळी आहे म्हणून एका नेत्याचा वाढदिवस तिथं घेतला, मग दुसऱ्याचा, मग सत्कार, मग बायकांच्या 'होम मिनिस्टर' खेळाचा कार्यक्रम, पैठण्या वाटप. दर वेळी मांडववाले पहार घेऊन यायचे आणि खांबासाठी कोब्यात भोकं पाडायचे. वडिलांनी मोजली होती, ४६ भोकं. पहिलं भोक पडलं त्या दिवशी वडील गेले होते सांगायला, बाबांनो वाळूच्या डब्यात खांब उभा करा, कोबा फोडू नका. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या बाजूला हो. पुढच्या दोन पावसाळ्यांत भोकातनं पाणी गेलं, कोबा खालनं सुटला, कपच्या उडाल्या. आणि मग फाइल तयार, महापुरामुळे नादुरुस्त. नदीला काय, ती काही खुलासा द्यायला येणार नाही.

मी १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. कायद्यात ३० दिवस आहेत, उत्तर चौथ्या महिन्यात आलं, 'सदर अभिलेख पुरात नष्ट झालेला आहे'. अभिलेख वरच्या मजल्यावर असतात. जिन्यानं चढून गेला असेल पूर.

आता रिंकच्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत. स्केटवाल्याला पेव्हर ब्लॉक म्हणजे काय ते दाढ दुखत असताना बैलगाडीत बसल्यावर कळेल. एका कोपऱ्यात सेल्फी पॉइंट, 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव, मधलं बदाम रात्री लुकलुकतं. त्याला अठरा लाख गेले म्हणतात, कुणी बावीस म्हणतं, खरा आकडा तुम्ही जाहीर करा, मी माझा मागे घेतो. त्यासाठी दोन गुलमोहर तोडले. मी घरपट्टीत वृक्ष कर भरतो.

आणि खेळाचं म्हणाल तर हा काय टाइमपास राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये तामिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारनं एक हजार मीटरला स्पीड स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं आणलं, भारताचं पहिलं, आणि मागोमाग ४२ किलोमीटरला पण. त्याच्या आधी २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या पोरांना आणि पोरींना तीन हजार मीटर रिलेत ब्राँझ. त्या पोरांच्या रेसमध्ये एक गंमत झाली. कोरियाचा गडी सगळ्यात पुढं, रेषेच्या आधीच त्यानं जिंकलो म्हणून हात वर केले आणि तेवढ्यात तैवानच्या पोरानं पाय पुढं टाकला. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं सोनं गेलं. त्यानं निदान रेषेजवळ येऊन तरी हात वर केले, तुम्ही लोक भूमिपूजनालाच करता.

बेळगाव आमच्यापासनं काही लांब नाही. तिथली लहान लहान पोरं उभ्या गाड्यांच्या खालनं लिम्बो स्केटिंग करत जाऊन जगात नाव काढून आली. सीमाभागावर भाषणं करता ना, एकदा तिथला रिंक पण बघून या.

नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा गल्लोगल्ली 'सांगलीची लेक' म्हणून स्मृती मानधनाचे फ्लेक्स लागले. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर मी चौदा पुढारी मोजले, ती कोपऱ्यात, तिकिटाएवढी. बॅडमिंटनवाल्या नंदू नाटेकरांचा जन्म सांगलीचा, १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी त्यांना मिळाला. इथं काय पिकतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फक्त सुगीला येता.

तालुका क्रीडा संकुलाचं अनुदान एक कोटीवरनं पाच कोटी केलं म्हणून पेपरात वाचलं. आमचं संकुल गावापासनं साडेचार किलोमीटर, माळावर, तिथं कंपाउंड आहे आणि शेळ्या आहेत. गावच्या कारभाराला चार वर्षं प्रशासक होता, त्याला विचारलं तर निवडून आलेली बॉडी आली की बघू. डिसेंबरात निवडणुका झाल्या, बॉडी आली, त्यांना विचारलं तर निधी वरनं यायचा आहे. वर म्हणजे तुम्ही. तुमच्या ऑफिसला फोन केला तर पीए म्हणतो प्रस्ताव खालनं यावा लागतो. साहेब, गाडी स्टार्ट होत नसेल तर मी गिऱ्हाइकाला सांगत नाही की प्लग कार्बुरेटरला विचारतोय आणि कार्बुरेटर टाकीला विचारतोय. खोलतो आणि बघतो. माझ्याकडं असलं चाललं तर संध्याकाळी शटरवर दगड पडेल. तुमच्याकडं पाच वर्षांनी पुन्हा फेटा.

सिंथेटिक नको आम्हाला. वळणाला उतार दिलेला दोनशे मीटरचा बँक ट्रॅक पण नको. पेव्हर ब्लॉक उचला, चाळीस बाय वीस मीटरचा साधा घोटलेला कोबा करा, कडेनं पाइपची रेलिंग, चार दिवे, आणि गेटवर एक माणूस, परमनंट. चाळीस गुणिले वीस म्हणजे साधारण ८,६०० चौरस फूट, माझा एक कॉन्ट्रॅक्टर मित्र म्हणतो चौरस फुटाला दीडशे धरले तरी तेरा लाखाच्या आत कोबा होतो. चुकत असेल तर तुमच्या इंजिनिअरला सांगा दुरुस्त करायला, मी ओळखतो त्याला, त्याची गाडी माझ्याकडंच येते. आणि मांडव घालायचा नाही असा ठराव करा. कुणाचाही. तुमचा पण.

मार्चमध्ये पोरीचं प्लास्टर निघेल. डॉक्टर म्हणाले एप्रिलच्या आत चाक नको. तिचे बेअरिंग रॉकेलमध्ये टाकून ठेवलेत, आजोबा रोज डबा हलवून बघतात.

एप्रिलपासून आम्ही पुन्हा बायपासला असू, कारण दुसरी जागा नाही. तुम्ही स्केट घालून येणार होता, तो शब्द अजून उभा आहे, तारीख तुम्ही सांगा. माझ्याकडं आठ आणि नऊ नंबरचे जोड आहेत, दहा लागत असेल तर कोल्हापूरवरनं मागवावा लागेल, आठ दिवस आधी कळवा. पहाटे सव्वापाचला उसाच्या ट्रॉल्या जरा कमी असतात. हेल्मेट तुमचं तुम्ही आणा.

आपला,
एक गॅरेजवाला

ता.क. : गाड्यांचा ताफा आणू नका, रस्ता अरुंद आहे, पोरं घाबरतात.