कोपनहेगनच्या बाईंना, साताऱ्याहून

सातारा
11 ऑगस्ट 2024

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे माहीत असूनही मराठीतच लिहितो आहे. अट आईची आहे. ती म्हणाली, "इंग्रजीत लिहिलंस की त्याचं नुसतं थँक्यू होतं. आपल्या भाषेत लिही, वाचून दाखवणारं त्यांना कुणीतरी भेटेल." आणि उघड पत्र यासाठी, की इथून क्रूझला निघणारी मंडळी आम्हाला हल्ली जे विचारतात ते सगळं जहाजाबद्दलच असतं. खोली कितव्या मजल्यावर घ्यावी, जेवणात शाकाहारी काय मिळतं, समुद्र लागतो का. जहाजाच्या आदल्या दिवसाबद्दल, जो आम्ही कोपनहेगनमध्ये गाइड म्हणून तुम्हाला घेऊन घालवला, कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या घरात मात्र सात दिवसांच्या जहाजापेक्षा त्या एका दिवसाचाच विषय जास्त निघतो.

तुम्हाला आठवतं का, 23 जूनच्या सकाळी आमच्या लेकीने तुमच्या हातात एक कागद दिला होता? त्यावर चौदा ठिकाणं आणि पुढे मिनिटं. वटपौर्णिमेचा उपास सोडून सौभाग्यवती दुसऱ्याच दिवशी विमानात बसली होती, आणि रविवारी सकाळी नऊला आम्ही चौघं हॉटेलच्या दारात उभे होतो. तुम्ही सायकलवरून आलात. पांढरे केस, पाठीवर पिशवी, सायकलच्या टोपलीत घडीचं स्टूल. कागद तुम्ही नीट वाचलात. मग त्याच्याकडे न बघता आईच्या पायांकडे बघितलंत. शहात्तर वर्षांची बाई, नऊवारी नाही पण पाचवारी साडी, खाली नवे स्पोर्ट्स शूज, आणि गुडघे असे की जिना दिसला की चेहरा बदलतो. तुम्ही पेन काढलंत आणि एकेक ओळ खोडायला सुरुवात केलीत. चौदातली पाच उरली.

खरं सांगतो, तेव्हा मला राग आला होता. पैसे भरून माणूस घ्यायचं आणि त्याने आपलंच दर्शन कमी करायचं! तिवोली खोडलंत तेव्हा तर लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. 1843 पासूनची ती बाग, तिथला 1914 सालचा लाकडी रोलर कोस्टर, हे सगळं ती महिनाभर घोकत होती. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "तू पंचविशीत परत येशील. आजी परत येणार नाहीत." कोरडं वाटलं होतं ऐकायला. आईला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून तिने मला विचारलं, काय म्हणाल्या? मी तेव्हा भाषांतर केलं नाही. आता या पत्रात करतो आहे.

तुम्ही शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवलात हे कळल्यावर आईने तुमचं नाव विचारायचंच सोडून दिलं. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात. दिवसभर ती मागून हाका मारत राहिली, "बाई, ओ बाई", आणि तुम्ही प्रत्येक वेळी वळलात.

मग तो मनोरा. रुंडेटॉर्न. यादीतल्या उरलेल्या पाचात एक मनोरा बघून मी चक्रावलोच होतो. 34.8 मीटर उंच! गुडघेदुखीच्या माणसाला मनोऱ्यावर नेणारी ही कसली गाइड? दारातून आत गेलो तर आत जिनाच नाही. विटांची रुंद चढण, मधल्या खांबाभोवती गोल गोल वर जाणारी, साडेसात वेढे. डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियन चौथा याने 1642 मध्ये हा मनोरा पुरा केला. वर वेधशाळा, शेजारच्या चर्चच्या माळ्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय. जड ग्रंथ आणि यंत्रं वर न्यायची तर पायऱ्या कशा चालतील, म्हणून ही चढण. आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, 1716 मध्ये रशियाचा पीटर द ग्रेट इथून थेट घोड्यावर बसून वर गेला ती. त्याची राणी मागून बग्गीतून गेली असंही सांगतात, असं तुम्ही जरा हसत म्हणालात, म्हणजे त्यावर तुमचा फारसा विश्वास नसावा.

आईने हे भाषांतर मात्र पूर्ण ऐकलं. म्हणाली, "घोडा गेला ना वर? मग मला काय धाड भरलीय."

बाई, आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. गेली सहा वर्षं आई पायी वर गेलेली नाही. रायगड तिने रोपवेने पाहिला, आणि गड बघून आल्याचं सांगताना ती अजूनही आवाज खाली आणते. त्या दिवशी ती एका परक्या देशाच्या मनोऱ्यावर स्वतःच्या पायांनी चढत होती. दर अर्ध्या वेढ्याला भिंतीत खोल खिडकी येई, तिथे तुम्ही थांबायचात. ती दमली म्हणून थांबतो आहोत असं एकदाही म्हणाला नाहीत. प्रत्येक खिडकीत तुमच्याकडे सांगायला काहीतरी असायचंच. एका खिडकीत नुसती समोरच्या छपराची कौलं दाखवलीत. मला शंका आहे की त्या कौलांत विशेष असं काही नव्हतं.

शेवटचा टप्पा अरुंद जिन्याचा. तिथे आईने हात जोडले. तुम्ही आम्हा तिघांना वर पिटाळलंत आणि घडीचं स्टूल उघडून तिच्यासाठी मांडलंत, स्वतः खिडकीच्या कठड्यावर बसलात. आम्ही वर बरेच रमलो, लाल कौलांचं शहर आणि लांबवर पाण्याची रेघ. खाली आलो तर तुमच्या हातात सुया होत्या आणि आईच्या हातात तुमचा अर्धा विणलेला मोजा. कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही, पण तिने तुम्हाला चार ओळी मागे सुटलेला एक टाका दाखवला होता, आणि तुम्ही निमूटपणे उसवत बसला होतात. इतिहासाच्या बाईंना चूक दाखवल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

पुढचं तसं भराभर झालं. शाही रक्षकांची पाळी बदलताना बघायला सगळे बारा वाजता अमालियनबोर्ग राजवाड्याच्या चौकात गर्दी करतात. तुम्ही आम्हाला साडेअकराला रोसेनबोर्गच्या जुन्या राजवाड्यापाशी बाकावर बसवलंत, कारण ते तिथून निघतात. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेली पोरं समोरून गेली, आणि आईने एवढंच विचारलं, "उन्हात यांचं डोकं शिजत नाही का?" मग टॉर्वेहॅलर्नच्या काचेच्या मंडईत जेवण. तुमच्या राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर चिरलेली हिरवी पात. आई अंडं खात नाही म्हणून मेयोनीज नको, हे तुम्ही दुकानदाराला दोनदा बजावलंत. त्याने दिलेला पाव कोरडा लागला तेव्हा आईने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. तुम्ही ती चटणी पावावर पसरून काट्या-सुरीने खाल्लीत. ते दृश्य मी फोटोत धरू शकलो नाही याची हळहळ वाटते. तिखट लागलं होतं ना? नाक लाल झालं होतं तुमचं.

न्यूहाउनच्या कालव्याकाठची रंगीत घरं सगळ्या फोटोंत असतात, त्यावर मी काय लिहू. पण तो कालवा 1670 च्या दशकात स्वीडिश युद्धकैद्यांकडून खणून घेतला, हे कुठल्या फोटोत दिसत नाही. ते तुम्ही सांगितलंत आणि मग त्या रंगांकडे जरा वेगळंच बघितलं गेलं. तिथून होडी. पूल इतके बुटके, की उंच माणसाने उभं राहायची सोय नाही.

होडी जळालेल्या ब्योर्सेनजवळून गेली तेव्हा तुम्ही बोलायच्या थांबलात. चारशे वर्षांचं ते व्यापारगृह, वर चार ड्रॅगनांच्या शेपट्या पिळून केलेला मनोरा. दुरुस्ती चालू असतानाच 16 एप्रिलला आग लागली आणि मनोरा कोसळला. तुम्ही सांगितलंत की त्या सकाळी रस्त्याने जाणारी माणसंसुद्धा आत शिरून भिंतीवरची मोठमोठी चित्रं बाहेर काढत होती. दोनच महिने झाले होते. मचाणांकडे बघत तुम्ही डॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटलात. आम्ही विचारलं नाही.

ख्रिस्तियन्सहाउन भागात डॅनिश आशियाई कंपनीची जुनी वखार लागली, आता परराष्ट्र खात्याची कचेरी. तुम्ही म्हणालात, इथूनच आमची जहाजं हिंदुस्थानात जायची, आताच्या तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला. तिथे तुमच्या लोकांनी 1620 मध्ये डान्सबोर्गचा किल्ला बांधायला घेतला आणि 1845 मध्ये सगळं इंग्रजांना विकून टाकलं. इथे मात्र माझी पाळी आली. तुम्हाला तरंगमबाडी ठाऊक होती, पण शेजारच्या तंजावरात मराठे राज्य करत होते हे ठाऊक नव्हतं. तुमच्या त्या बंदरात 1750 मध्ये उतरलेला जर्मन पाद्री श्वार्ट्झ पुढे आमच्या सरफोजीराजांचा गुरू झाला, आणि तो गेल्यावर राजांनी त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, हे सांगताना मी जरा जास्तच मोठ्याने बोललो असेन. होडीतले दोन लोक वळून बघत होते. तुम्ही वही काढलीत आणि मला ‘सरफोजी’ असं तुमच्या लिपीत लिहून द्यायला लावलंत. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बाईंनी असं केलं असतं तर मी इतिहासातच गेलो असतो, बँकेत नाही.

आणि जलपरीचा तो पुतळा! सगळं जग जिच्यासाठी येतं, ती तुम्ही आम्हाला होडीतून पाठमोरी दाखवलीत. सौभाग्यवती म्हणाली, हे काय बाई, नुसती पाठ? तुम्ही शांतपणे म्हणालात की तुमचं जहाज लांगेलिनीच्या धक्क्याला आहे, ती उद्या वाटेतच लागते. मग आज कशाला पाय मोडून घ्यायचे? आणि आधीच सांगून ठेवते, ती लहान आहे. सव्वा मीटर. कार्ल याकोबसेन या बिअरवाल्याने 1913 मध्ये शहराला भेट दिली, आणि लोकांनी दोनदा तिचं डोकं कापून नेलं आहे. दुसऱ्या दिवशी टॅक्सी थांबवून समोरून बघितली. आई म्हणाली, "एवढीशी? हिचं कशाला डोकं कापायचं?" त्यापलीकडे आमच्याकडे तिच्याबद्दल काही सांगायला नाही. तुम्ही आम्हाला एका निराशेतून वाचवलंत, की निराशेची सवय लावून दिलीत, कोण जाणे.

तुमची वेळ चार वाजता संपली. आम्ही पाकीट पुढे केलं, तुम्ही ते परत माझ्या खिशात सरकवलंत आणि म्हणालात, आज सांक्त हान्सची, आमच्या उन्हाळी शेकोट्यांच्या सणाची रात्र आहे, जेवून झोप काढा, साडेआठला येते. ती कामाची वेळ नव्हती, त्याचा मोबदला नव्हता. तरी तुम्ही आलात, आणि सायकल न आणता चालत आलात, आईच्या वेगाने चालता यावं म्हणून.

रात्रीचे नऊ वाजून गेलेले आणि आकाशात अजून उजेड. पाण्याकाठी लाकडांचा ढीग, टोकाला गवताची चेटकीण. ढीग पेटला, लोक गाऊ लागले, आई एकदम ताठ झाली. "अरे, ही तर होळी!" मग तिने होलिकेची गोष्ट सांगितली आणि लेकीने ती तुमच्यापर्यंत पोचवली, मांडीवर प्रल्हाद, अंगावर न जळायचं वस्त्र, सगळं. तुम्ही सांगितलंत की तुमच्याकडे सोळाव्या-सतराव्या शतकात चेटकीण म्हणून खऱ्या बायका जाळल्या गेल्या, म्हणून तुम्हाला ती गवताची बाहुली आवडत नाही, तुम्ही नुसत्या विस्तवासाठी येता. आई बराच वेळ आगीकडे बघत होती. म्हणाली, "तिकडेही बाईच." हे तुम्हाला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण तुम्ही मान हलवलीत.

आणि मग तुम्ही विचारलंत, तुम्ही होळीला काय गाता?

बाई, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आम्हाला थांबवता आलं नाही. आईने उलटा हात तोंडाशी नेला आणि कोपनहेगनच्या बंदरावर अशी एक बोंब ठोकली की समोरची दोन पोरं बिअर सांडून बसली. नंतर तुम्हीही प्रयत्न केलात. चांगला जमला होता. हात जरा सैल हवा, एवढंच आई म्हणते.

तिने तुम्हाला दिलेला क्रोशाचा रुमाल टीव्हीवर टाकू नका, तो पाण्याच्या तांब्यावर झाकायचा असतो. आणि ती विचारते आहे, मोज्याची टाच वळली का? वळवताना टाके मोजून घ्या, तुमचा एक नेहमी सुटतो.

आपला,
होडीत मोठ्याने बोलणारा