वीज पडली तेव्हा माणूस कुठे होता?

महोदय,

वळवाचे दिवस आले की ‘वीज’ हा शब्द वर्तमानपत्रांत दोन ठिकाणी दिसतो. पहिल्या पानावर तो अलंकार असतो. दरवाढ झाली तरी ग्राहकांवर वीज कोसळते. आतल्या पानावर ती खरोखर पडलेली असते, शेतात राबणाऱ्या बाईवर किंवा गुराख्यावर, आणि बातमी तीन ओळींत संपते.

अलंकाराबद्दल तक्रार नाही. अकस्मात दुःख आलं की डोक्यावर वीज पडल्यासारखंच होतं. पण त्याच सवयीने खरी बातमीही ‘नशिबाचा घाला’ म्हणून वाचली जाते. पायाळू माणसावर वीज पडते, असं मानणारे आमच्या मराठवाड्यात अजून आहेत.

प्रत्यक्षात थेट अंगावर वीज पडून जाणारे थोडे. बहुतेकांना ती झाडावरून किंवा जमिनीतून गाठते. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरताना आडोशाला उभ्या माणसाकडे झेपावते, नाहीतर जमिनीत पसरते आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून निंबाखाली बांधलेली बैलजोडी जागीच आडवी होते. तेव्हा माणूस कुठे उभा होता, झाडाखाली की उघड्या रानात, हे बातमीत आलंच पाहिजे.

आणखी एक घोळ जिवावर बेततो. तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथेही वीज, इथेही वीज. मग अंगावर वीज पडलेल्यालाही कुणी शिवत नाही. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास आणि हृदय थांबलं असेल, तर लगेच छाती दाबत राहिल्याने जीव वाचू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची आगाऊ सूचना मोफत देतं. ते आणि वरची माहिती, शिवाय गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जावं व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढं चौकटीत घालून अशा प्रत्येक बातमीशेजारी छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई