पाला जाळू नका, झाडाच्या बुडात घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाच्या सुमाराला गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते आणि एकदम डोळे चुरचुरायला लागले, खाली वाकून बघितलं तर गल्लीच्या तोंडाला जो मोठा कडुलिंब आहे त्याच्याच बुडात पाल्याचा ढीग करून कुणीतरी काडी लावलेली. शिशिरात पानं झडली ती साचत साचत एवढी झाली होती. ढीग विझेपर्यंत आठ वाजले, आणि दुपारी जाऊन बघितलं तर खोडाची एक बाजू हातभर उंचीपर्यंत काळी पडलेली. झाड लगेच मरत नाही म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही, पण सालीच्या आत जो जिवंत पातळ थर असतो तो भाजला की त्या बाजूने पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत खाली उतरत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी तीच बाजू वाळते, मग वादळात फांदी पडली की आपण म्हणतो झाड धोक्याचं आहे, तोडा.

हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. ऐन उन्हाळ्यात आपल्या परसातल्या झाडांना ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते तीच आपण रोज सकाळी जाळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचं तासगाव द्राक्षाचं आणि बेदाण्याचं गाव. बेदाणा इथे का होतो, तर इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते. सह्याद्रीने पाऊस अडवला की आपल्याकडे उरतो तो थोडा, जिल्ह्याच्या पश्चिमेला शिराळ्याकडे धो धो आणि इकडे पूर्वेला तासगाव, कवठेमहांकाळ, जत म्हटलं की आभाळाकडे बघायचं. मार्च-एप्रिलमध्ये शेडवर जाळ्यांवर द्राक्षं टाकली की साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो, उन्हात नाही बरं का, सावलीत, निव्वळ वाऱ्यावर. चारेक किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे बाकीचे तीन किलो पाणीच, ते सगळं ही हवा ओढून घेते. माझ्या धाकट्या दिरांची शेड आहे, तिथे उभं राहिलं की पंधरा मिनिटांत ओठ सुकतात. आता तुम्हीच सांगा, जी हवा सावलीतल्या द्राक्षातलं पाणी ओढते ती माझ्या उघड्या कुंडीतलं ओढणार नाही का? उन्हाने रोपं जळाली असं आपण म्हणतो, पण निम्मं काम तर हा वारा करतो.

आणि पेपरात जो 39-40 अंशांचा आकडा येतो ना, तो सावलीतल्या हवेचा असतो, जमिनीपासून चार-पाच फुटांवर लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. उघड्या कोरड्या मातीचा वरचा थर दुपारी त्याच्यापेक्षा वीस अंशांनीसुद्धा जास्त तापतो, हात ठेवून बघा, टेकवत नाही. मिरचीची, वांग्याची कोवळी मुळं तर वरच्याच चार बोटांत असतात. काळी माती असेल तर भेगा पडतात ते वेगळंच, भेग पडताना बारीक मुळं तटातट तुटतात आणि त्या भेगेतून आतली ओलही उडून जाते. मग आपण काय करतो, रोपाने मान टाकली की धावत जाऊन दुपारी दोन वाजता पाणी ओततो.

याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मी स्वतः ही चूक बरीच वर्षं केली. दोडका, भोपळा, काकडी यांची मोठी पानं दुपारी लोंबतातच. मुळं जेवढं पाणी वर पाठवू शकतात त्याच्यापेक्षा जास्त पानांतून उडतं म्हणून तसं होतं, संध्याकाळी सहाला जाऊन बघा, वेल परत ताठ झालेला असतो. संध्याकाळी सुद्धा किंवा सकाळी सकाळी पानं लोंबलेली दिसली तर समजायचं खरंच तहान आहे. दोन बोटं मातीत खुपसायची, आत ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी रोज दुपारी पाणी घालून घालून मी सहा वांग्याची रोपं घालवली, उपटून बघितली तर मुळं कुजलेली, वरून मात्र ती वाळल्यासारखीच दिसत होती म्हणून मी आणखी पाणी घालत राहिले.

तर मुद्दा असा की पाणी वाढवायचं नाही, दिलेलं पाणी टिकवायचं, आणि ते टिकवायला पालापाचोळ्यासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना हे कुणी शिकवायची गरज नाही, एप्रिलमध्ये द्राक्षं उतरल्यावरची खरड छाटणी झाली की वेलीच्या ओळीत बुडाला उसाचं पाचट अंथरतात, कारण त्याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या घडाची तयारी काडीत होत असते आणि पाणी कमी असतं. तिकडे वाळव्याच्या बाजूला ऊस तुटला की फडात हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, पूर्वी सरसकट पेटवायचे, आता बरेच जण सरीत ठेवून कुजवतात. जे शेतात चालतं ते परसात का नको? गेल्या तीन उन्हाळ्यांपासून मी कुंडीत आणि वाफ्यात चार बोटं जाडीचा पाला घालते आहे आणि जिथे सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागायचं तिथे आता एकदा पुरतं, भाजीच्या वाफ्याला तर दिवसाआड. नळाला पाणी कधी येईल त्याच्यावर घर चालतं अशा गावात हा फरक लहान नाही.

कुणी म्हणेल पाल्याने वाळवी लागते, विंचू-साप येतात. भीती खोटी नाही, म्हणून सांगते कसं करायचं ते. खोडाला पाला चिकटवायचा नाही, चार बोटं जागा मोकळी सोडायची, म्हणजे साल कुजत नाही आणि वाळवी चढली तर लगेच दिसते. घराच्या भिंतीला लागून ढीग करायचा नाही. आणि संध्याकाळनंतर अनवाणी जायचं नाही, पाला हलवायचा तर काठीने. कडुलिंबाचा पाला तर आपण वर्षाच्या धान्यात घालतो, त्याची भीती कसली. चिंचेचा बारीक पाला कुंडीसाठी सगळ्यात चांगला, तो लवकर कुजतो. आंब्याची, फणसाची जाड पानं मात्र तशीच घातली तर वाऱ्याने उडतात, पायाने चुरडून घालावीत आणि वर थोडं पाणी शिंपडावं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती लिहिते, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. हिवाळाभर घराच्या उत्तरेला ज्या कुंड्या सावलीत असतात त्या मे महिन्यात अचानक करपायला लागतात आणि कळत नाही काय झालं. आपल्या सांगली भागात मेच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावरून जाऊन उत्तरेला झुकतो, ते थेट ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिकडेच असतो. म्हणजे वर्षभर जी भिंत सावली द्यायची तीच बाजू उन्हात येते आणि दक्षिणेच्या भिंतीशी दुपारी सावली मिळते. त्यामुळे मे लागला की मी फर्न, मनीप्लांट, अळूच्या कुंड्या उत्तरेकडून उचलून दक्षिणेच्या भिंतीशी नेते. गच्चीवर ज्यांना हिरवी जाळी घ्यायची त्यांनी 50 टक्के सावलीची घ्यावी, त्याच्यापेक्षा दाट नको, नाहीतर भाजीची झाडं नुसती उंच होतात. जाळी नसेल तर जुनी फिक्या रंगाची सुती साडी दोऱ्यांनी बांधली तरी चालतं, माझ्याकडे सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं आहे, दहा कुंड्या त्याच्या सावलीत येतात.

टोमॅटोबद्दल बरेच जण विचारतात, फुलं येतात आणि गळून जातात, औषध कुठलं मारू? औषध नको. दिवसाचं तापमान 35 च्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. झाड जगवा, बुडात पाला घाला, पाऊस झाल्यावर फळ धरेल. उन्हाळ्यात लावायचं तर गवार, भेंडी, चवळी, तांदुळजा, राजगिरा, ही आपल्या उन्हाला पुरून उरणारी मंडळी आहेत. कोथिंबिरीचा हट्ट करू नये, लगेच फुलावर जाते. मिरचीवर बोकड्या आला, म्हणजे पानं आकसून वळायला लागली, की पानाखाली बघा, बारीक फुलकिडे असतात, निंबोळीचा 5 टक्के अर्क संध्याकाळी फवारायचा, दुपारी नाही, दुपारी फवारलं तर पानं भाजतात. मोगरा मात्र याच दिवसांचा, त्याला हे ऊन मानवतं, आमच्या दारचा सध्या रोज ओंजळभर देतो.

न्हाणीचं पाणी वाया घालवू नका हेही सांगावंसं वाटतं. जुन्या घरांतून न्हाणीच्या मागे केळ, कर्दळ, अळू असायचंच, ते काही शोभेला नव्हतं, सगळ्या घराचं सांडपाणी ती झाडं पिऊन टाकायची. आता ते पाणी थेट गटारीत जातं आणि केळीला आपण नळाचं पाणी घालतो.

आता वळवाचे दिवस आलेत. दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि खरं सांगते, माझा जीव दोन्हीकडे ओढतो. परसातल्या झाडांसाठी वाटतं एक सर यावी, धूळ धुऊन निघेल, माती निवेल. आणि तेवढ्यात दिरांचा फोन येतो, वहिनी तिकडे पडतोय का हो, कारण शेडवर अर्धा माल अजून ओला असतो, हवेत दमटपणा आला की बेदाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो, गारा आल्या तर शेडचे कागदसुद्धा फाटतात. एकाच घरात एक जण पावसाची वाट बघतो आणि दुसरा हात जोडतो. म्हणून मी वळवाच्या भरवशावर बाग ठेवत नाही, पाला घालून ठेवते, पाऊस आला तर ती ओलही त्याच्याखाली जास्त दिवस टिकते.

अक्षय तृतीयेला आमच्या सासूबाई आळी करायच्या, खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि उन्हाळाभर साठवलेला पाला भरायच्या, वर माती ओढून दोडका, भोपळा, घेवड्याचं बी टोचायच्या. मृगाचा पाऊस येईपर्यंत तांब्या तांब्या पाणी, आणि एकदा पाऊस लागला की वेल मांडवावर. त्या काळी अंगणातला पाला जाळायचा विचारही कुणाच्या मनात आला नसता, तो आळ्यासाठी लागायचा.

संपादक महाराज, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, हवामानाच्या चौकटीत कमाल तापमान ठळक छापता तसंच किमानही छापा, भाजीपाला करणाऱ्याला रात्रीचा आकडा जास्त कामाचा असतो. दुसरी महत्त्वाची, पाला जाळणं हे नुसतं वाईट नाही तर नियमाविरुद्ध आहे हे लोकांपर्यंत पोचवा. 2016 च्या घनकचरा नियमांतच उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली गेली, त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 5 हजारांपासून 25 हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. कुणाला दंड व्हावा अशी माझी इच्छा नाही, झाडणाऱ्या लोकांचाही दोष नाही, त्यांना ढीग उचलायला गाडी मिळाली नाही तर ते तरी काय करणार. गल्लीच्या एका कोपऱ्यात चार फळ्यांचा चौक करून द्या, पाला त्यात टाका, आठवड्यातून एकदा शेणाचं पाणी शिंपडा, दिवाळीच्या आधी खत तयार. ज्याला लागेल त्याने न्यावं.

आमच्या गल्लीत मी घरोघरी सांगून आलेय, पाला पेटवायच्या आधी मला हाक मारा, मी पोती घेऊन येते. आतापर्यंत अकरा पोती झाली, सात कुंड्या-वाफ्यांत गेली आणि चार अक्षय तृतीयेच्या आळ्यांसाठी जिन्याखाली ठेवली आहेत. त्या कडुलिंबाच्या भाजलेल्या बाजूला शेण-मातीचा लेप दिलाय, वरच्या फांदीला तांबूस पालवी आहे अजून, रोज सकाळी जाऊन बघते.

कळावे,
आपली एक नेहमीची वाचक,
तासगाव, जि. सांगली