ताई, फिब्युला सोडून बाकी सगळं जमलं

ताई,

तुला थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, पुढचं पान काढ" म्हणतेस, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, आता काढ म्हणावं पान. अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजीचा रिझल्ट लागला आणि मी पास झालो, आणि नुसता काठावर नाही, चांगला झालो. मार्क सांगत नाही कारण उरलेले कुठे गेले ते तू लगेच विचारशील. एक कुठे गेला ते शेवटी सांगतो.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं. पहिल्या टेस्टला माझा पार बाजार उठला होता. अभ्यास केला नव्हता असं पण नाही, उलट एवढा केला होता की पुस्तकाची पानं तीन रंगांच्या हायलायटरने भिजली होती आणि शेवटी जी ओळ रंगवायची राहिली तीच उठून दिसायची. रात्री हाडांची नावं घोकायची आणि सकाळी उठलं की अर्धी गायब. मोठ्या माणसाची हाडं 206, ठीक आहे, पण मग कळतं की प्रत्येक हाडाला परत खड्डे आहेत, उंचवटे आहेत, भोकं आहेत, त्या भोकाला वेगळं नाव आणि त्यातून जी नस जाते तिला अजून वेगळं. एका सरांना विचारलं हे लक्षात कसं ठेवायचं, तर म्हणाले हा विषय पाठच करावा लागतो, दुसरा मार्ग नाही. मग मी लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मनगटाच्या आठ हाडांची नावं पुटपुटत बसलो होतो, तू समोर बसून तुझं काहीतरी लिहीत होतीस, वीसेक मिनिटं सहन केलंस आणि मग पेन्सिल खाली ठेवून म्हणालीस, "मंत्र म्हणतोयस का? हात दे इकडे."

ओळख ना पाळख आणि एकदम हात दे. मी दिला बाबा.

तू म्हणालीस अंगठा ताण, लिफ्ट मागतात तसा. अंगठ्याच्या बुडाशी दोन दोऱ्या ताठ उभ्या राहिल्या आणि मध्ये एक खळगा पडला. त्या खळग्यात पेन्सिलचं मागचं टोक ठेवून तू हलकंच दाबलंस आणि म्हणालीस, याच्या तळाशी तुझं स्कॅफॉइड आहे, स्कॅफॉइड म्हणजे होडीच्या आकाराचं, माणूस पडताना हात टेकवून पडतो ना तेव्हा मनगटातलं बहुतेक वेळा हेच मोडतं, आणि गंमत म्हणजे याला रक्त येतं ते बोटांच्या बाजूने, उलट्या दिशेने, म्हणून मधोमध मोडलं तर कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा मरू शकतो. आणि मग म्हणालीस, "आता विसरून दाखव."

नाही विसरलो. चंद्रकोरीसारखं ल्युनेट, वाटाण्यासारखं पिसिफॉर्म (करंगळीच्या बाजूला मनगटाच्या घडीवर हात सैल सोडून चाचपडलं तर खरंच हलतं ते, मी तेव्हा दचकलो होतो), आकड्यासारखं हॅमेट. म्हणजे ज्यांनी नावं ठेवली त्यांनी पण समोर जे दिसलं तेच म्हटलं होतं, लॅटिन ग्रीकमध्ये म्हटलं म्हणून आपल्याला मंत्र वाटतो. हे एवढं साधं मला कोणीच सांगितलं नव्हतं. तसं बघायला गेलं तर आपण शाळेत शिकलो ती कर्णिका, म्हणजे हृदयाची वरची खोली, तिच्यातही कान आहे आणि तिच्या ऑरिकल या इंग्रजी नावातही कानच आहे.

त्याच दिवशी तू अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवायला लावलंस. उजव्या हाताला मधोमध एक दोरी टचकन वर आली, पामारिस लाँगस नावाच्या स्नायूचा टेंडन. डाव्या हाताला काहीच नाही. मी तीनदा केलं, चारदा केलं, नाहीच. मी घाबरून तुझ्याकडे बघितलं, तर तुला भारीच आनंद झालेला. बऱ्याच जणांना एका हाताला नसतो, काहींना दोन्हीला नसतो, पकडीला काही फारसा फरक पडत नाही, उलट दुसरीकडे कुठे टेंडन बसवायचा असला तर सर्जन हाच काढून घेतात, असं म्हणालीस. आणि वर, "पुस्तकात काढलाय तो माणूस तू नाहीस, आधी स्वतःला बघ, मग पुस्तक उघड."

खरं सांगू, मी तेव्हा मनात म्हटलं ही बाई शहाणपणा शिकवतेय. पण नंतर वाचलं की गेलन नावाच्या वैद्याला माणसाचं शरीर उघडून बघायची सोय नव्हती, त्याने माकडं वगैरे प्राणी उघडून लिहिलं, खालचा जबडा दोन हाडांचा आहे असं लिहिलं, आणि पुढे तेराशे वर्षं लोक ते पुस्तक प्रमाण मानत राहिले. 1543 मध्ये वेसेलियस नावाच्या डॉक्टरने स्वतः चिरून बघितलं आणि छापून टाकलं की माणसाचा जबडा एकच हाड आहे. आणि जबडा तर प्रत्येकाला आहे, हाताला लागतो, पण मोठ्या माणसाने लिहून ठेवलं म्हटल्यावर कोण कशाला चाचपतंय. मी माझे हायलायटर त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये टाकले.

मग हार्ट. हार्टचा डायग्राम मला पाठ होता, म्हणजे लेबलं पाठ होती, पण उजवं डावं रोज उलटं व्हायचं कारण चित्रातली उजवी बाजू कागदावर डावीकडे असते. तू काय केलंस तर कोरा कागद घेतलास, चार खोल्या काढल्यास, एकही नाव लिहू दिलं नाहीस आणि तो कागद चिकटपट्टीने माझ्या शर्टावर लावलास, चित्र बाहेरच्या बाजूला. म्हणे आता हे तुझं हृदय, सांग डावं कुठलं. लायब्ररीतले चार लोक बघत होते, लाज वाटली, पण त्यानंतर डावं उजवं कधी चुकलं नाही.

तुझे प्रश्न दोनच असायचे, कुठून आलं आणि कुठे चाललं. नाव सगळ्यात शेवटी. शरीरभर फिरून आलेलं रक्त उजव्या वरच्या खोलीत, तिथून खालच्या, तिथून फुप्फुसात, परत डाव्या वरच्या, डाव्या खालच्या, आणि बाहेर. मी म्हटलं मग फुप्फुसाकडे जी रक्तवाहिनी जाते तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त आहे तर तिला आर्टरी का म्हणतात, आर्टरीत तर चांगलं रक्त असतं ना. तू म्हणालीस कोणी सांगितलं, हृदयापासून लांब चालली ती आर्टरी, परत येते ती व्हेन, आत काय भरलंय याच्याशी काय घेणंदेणं. मला हे बारावीपासून कोणीतरी चुकीचं भरवलं होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं. डाव्या खालच्या खोलीची भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड का, हे पण मग विचारावं लागलं नाही, एकीला शेजारी फुप्फुसात ढकलायचंय आणि दुसरीला पायाच्या बोटापर्यंत. लब डब म्हणजे हृदय आपटतंय असं मला वाटायचं, ते तर दारं बंद झाल्याचा आवाज, आधी वरच्या आणि खालच्या खोल्यांमधली दारं, मग बाहेर जाणारी.

आणि तो गुणाकार! एका ठोक्याला साधारण 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि अंगात एकूण रक्तच पाचेक लिटर. तू वहीच्या मागच्या पानावर तो आकडा दिवसापर्यंत न्यायला लावलास, सात हजार लिटरच्या वर गेला. मी म्हटलं एवढं रक्त येतं कुठून, आणि तू टेबलावर हात मारलास, लायब्ररीत, की हेच, अगदी हेच हार्वे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने विचारलं. तोपर्यंत लोक मानायचे की रक्त लिव्हरमध्ये तयार होतं आणि शरीर ते वापरून टाकतं. त्याने हिशोब केला, मुद्दाम कमी आकडे धरून, तरी अर्ध्या तासात अंगातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त भरलं. म्हणजे तेच रक्त फिरतंय, दुसरं काही शक्यच नाही. 1628 मध्ये छापलं त्याने. आर्टरीतून व्हेनमध्ये जातं कुठून ते मात्र त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही, त्या बारीक केशवाहिन्या माल्पिगी नावाच्या शास्त्रज्ञाला 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सापडल्या, तोवर हार्वे गेलेला. मला अजून या गोष्टीची चुटपुट लागते.

आता कबुली. किडनीचा चॅप्टर वाचून आलो असं मी तुला खोटं सांगितलं होतं. तुला पहिल्या मिनिटात कळलं असणार. तू काहीच बोलली नाहीस, फक्त म्हणालीस मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, दिवसाचं काढ. 180 लिटर आलं. मी म्हटलं काहीतरी चुकलं, मी काय दिवसभरात 180 लिटर... आणि तू हसत बसलीस. मग सांगितलंस की 99 टक्के परत आत घेतलं जातं, दीड लिटरच्या आसपास बाहेर जातं. रक्तातला पातळ भाग तीनेक लिटर, तोच दिवसात साठ वेळा गाळून परत घ्यायचा. मी म्हटलं हा काय वेडेपणा, जे नको तेवढंच उचलून फेकायचं ना. तू म्हणालीस, नको असलेल्या वस्तूंची यादी कधी पूर्ण होते का, उद्या नवीनच काहीतरी पोटात जाईल, त्यापेक्षा सगळं बाहेर काढायचं आणि जे ओळखीचं आणि हवंय तेवढं परत घ्यायचं. नेफ्रॉनची, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीची, ती वाकडीतिकडी नळी, हेन्लेचा लूप, एक बाजू पाणी सोडते आणि दुसरी मीठ खेचते पण पाण्याला दार बंद, हे सगळं मी त्या संध्याकाळी घरी जाऊन स्वतःहून वाचलं. न वाचता आलो म्हणून ओरडली असतीस तर नसतं वाचलं, नक्की.

त्याच दिवशी तू सहज बोलून गेलीस की याच विषयात तू एकदा उडाली होतीस. मी काहीच बोललो नाही, पण त्या दिवशी मला एकदम हलकं वाटलं हे तुला माहीत नसेल.

न्यूरॉनवर, म्हणजे चेतापेशीवर, आपण फार वेळ नाही घालवला, पेशीतून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आतला व्होल्टेज उणे 70 मिलिव्होल्ट, तुलाच कंटाळा आला होता. पण मसल लक्षात आहे. तू समजावून सांगितलंस की आकुंचन होताना ए बँड, म्हणजे स्नायूच्या तंतूत मायक्रोस्कोपखाली दिसणारा गडद पट्टा, लहान होतो. मी लिहून घेतलं, झोपलो. रात्री साडेबाराला तुझा मेसेज, "चुकीचं सांगितलं मी. ए बँड तेवढाच राहतो. आय बँड आणि एच झोन कमी होतात. वहीत आत्ता दुरुस्त कर, सकाळी नाही, आत्ता." (आय बँड म्हणजे नुसत्या बारीक दोऱ्यांचा फिकट पट्टा, एच झोन म्हणजे ए बँडच्या मधला नुसत्या जाड दोऱ्यांचा भाग.) मी मेसेज सकाळी बघितला, सॉरी. पण विचार केला तेव्हा कळलं की तो तेवढाच राहणारच, कारण दोरे आखूड होतच नाहीत, एकमेकांवरून सरकतात, आणि जाड दोऱ्याची जी लांबी तीच ए बँडची लांबी. तू बरोबर सांगितलं असतंस तर मी फक्त पाठ केलं असतं. आणि साडेबाराला कोण उठून कोणाची वही दुरुस्त करतं गं.

फायनलच्या स्पॉटरला, म्हणजे टेबलाटेबलावर मांडलेल्या वस्तू ओळखायच्या परीक्षेला, सातव्या टेबलावर क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, होतं, साइड ओळखा, उजवं की डावं. आजूबाजूची पोरं आठवत बसली होती. मी सरळ उचलून स्वतःच्या गळ्याखाली धरलं, जाड टोक छातीच्या मधल्या हाडाकडे, चपटं टोक खांद्याकडे, आतला भाग पुढे फुगलेला, बसलं बरोबर, उजवं. एक्झामिनर मॅडम बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, पण हसल्या. किडनीच्या कापावर तर मी एवढं लिहीत होतो की घंटा झाली तरी पेन चालू होतं.

अकराव्या टेबलावर फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, होता. डावा होता, मी उजवा लिहिला. घोट्याकडच्या टोकाला मागच्या बाजूला एक खड्डा असतो, तो मागे धरायचा, गुळगुळीत भाग आतल्या बाजूला, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण माझ्या पायाला लावून बघायला लाज वाटली, टेबलाखाली वाकावं लागलं असतं. पुढच्या वेळी भेटशील तेव्हा बोन बॉक्समधून तेवढा एक फिब्युला काढून ठेव, आणि शिव्या एकदाच काय त्या देऊन घे.