बिलेन ही बोली नव्हे, स्वतंत्र भाषा

संपादक महोदय,

१९४१ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान केरेनच्या डोंगरांत लढले, म्हणून एरिट्रियातील या गावाचे नाव तरी आपल्या कानावर आहे. त्या डोंगरांत आणि अन्सेबा नदीच्या खोऱ्यात ज्वारी पिकवणाऱ्या, गुरे राखणाऱ्या बिलेन लोकांची भाषा मात्र कुणी तिग्रे किंवा तिग्रिन्याची बोली समजू नये. या दोन्ही शेजारणी अरबीच्या, म्हणजे सेमिटिक कुळातल्या. बिलेन आहे कुशिटिक कुळाच्या अगाव शाखेतली आणि तिची बहीण अवङी थेट इथिओपियात, ताना सरोवराच्या दक्षिणेला बोलली जाते.

आकडे मोजून पाहिले की हे नाते लगेच कळते. बिलेनमध्ये दोनला ‘लङा’, साताला ‘लङता’. अवङीत ‘लाङा’ आणि ‘लाङेता’. म्हणजे सात हा शब्द दोनावरूनच झालेला, आणि आठही तसाच तीनावरून. तिग्रिन्यात दोन म्हणजे ‘किल्ते’. कुठे लङा, कुठे किल्ते!

आपल्याला ‘वाङ्मय’ सोडून फारसा न भेटणारा हा ङ तिथे रोजच्या बोलण्यात आहे. गीझ या इथिओपिया-एरिट्रियातल्या जुन्या लिपीत त्याला अक्षर नव्हते, म्हणून ग च्या अक्षरात फेरफार करून ते घडवावे लागले. त्याच लिपीत १८८२ मध्ये मार्कचे शुभवर्तमान बिलेनमध्ये छापले गेले. पुढे १९८५ मध्ये एरिट्रियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिआघाडीने बिलेनसाठी रोमन लिपी निवडली. गीझ पडली चर्चची लिपी आणि बिलेनांत कॅथलिक आहेत तसे मुसलमानही, कित्येकदा एकाच कुळात. कारण समजण्यासारखे आहे, पण नातू शाळेत ज्या लिपीत वाचतो ती आजोबांच्या प्रार्थनापुस्तकाची नाही, हे नुकसान लहान नव्हे.

त्याहून मोठी गळती घराघरांत आहे. ख्रिस्ती बिलेन तिग्रिन्याकडे सरकतात, मुसलमान तिग्रेकडे. दोन्ही धर्मांच्या माणसांना धरून ठेवणारी भाषा अशी दोन्ही बाजूंनी झिजते आहे. तिला बोली म्हटले की ही झीज कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा या लोकांविषयी मजकूर छापताना ‘बिलेन भाषा’ असेच छापावे, ही विनंती. जुन्या नकाशांत आणि प्रवासवर्णनांत त्यांचा मुलूख ‘बोगोस’ या नावाने सापडतो. ते लोक वेगळे समजू नयेत.

आपला,
एक भाषा-अभ्यासक