नाटकातली पीएचडी आणि आपली सांगली

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी मुलगी नाटकात एमए झाली, आता पीएचडी करायची म्हणते, पुढं कॉलेजात शिकवायचंय तिला. नातेवाईक विचारतात नाटकात कसली पीएचडी? अहो, 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, त्या सांगलीत हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटतं. नेट म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, तिला नाटक, नृत्य सगळं एकाच पेपरात येतं म्हणून भरतनाट्यमपण वाचत बसते बिचारी, त्यातनं जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार मिळतात, नाही मिळाली तर चार-पाच वर्षं घरच्या पैशावरच काढायची.

परवा एका जुन्या नटाच्या घरी तिच्यासोबत गेलो, माळ्यावरच्या ट्रंकेत प्रॉम्प्टरची, म्हणजे पडद्याआडून नटांना संवाद सांगणाऱ्याची, वही सापडली, लाल पेन्सिलीच्या खुणा अजून स्पष्ट, पण निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. पोरगी तिथंच जमिनीवर बसून एकेक पानाचा फोटो काढत राहिली, दोन तास. हेच तर संशोधन ना!

वाचकांना हात जोडून विनंती, घरात जुन्या संहिता, हँडबिलं, फोटो असतील तर रद्दीत घालू नका, नाटकावर काम करणाऱ्या पोरांना दाखवा तरी.

आपला,
एक पालक, विश्रामबाग, सांगली