यंदा नाताळला येणं होणार नाही

वडगाव शेरी, पुणे
23 डिसेंबर 2025

प्रिय आई आणि बाबा,

तुम्हा दोघांना सलाम.

हे पत्र औषधांच्या पिशवीत ठेवते आहे. दादा उद्या पहाटे निघतोय, त्याच्याबरोबर पोचेल. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा "बघू, जमवते" म्हणून फोन ठेवला. आई, तू म्हणालीस, "सारण करून ठेवलंय, लाटायला तू आल्यावर बसू," मग माझ्या तोंडून शब्दच फुटेना. यंदा नाताळला मी येत नाही. लग्नाला 22 वर्षं झाली, एकदाही चुकलं नव्हतं. छोटी पोटात होती तेव्हासुद्धा आले होते.

घर बदलायला डिसेंबरच सापडला का, असं बाबा म्हणतील. करार 11 महिन्यांचा, 21 जानेवारीला केलेला, म्हणजे 20 डिसेंबरला संपणार. मालक दिवाळीत स्वतःहून म्हणाले होते, पुढचा करू. नोव्हेंबर संपता संपता निरोप आला, मुलगा परत येतोय, घर हवंय. हे म्हणाले, थोडी मुदत मागून बघू. मलाच नको वाटलं. ज्या घरातून निघायचंय तिथे सणाला दिवा लावून काय करायचं? तीन आठवड्यांत 14 घरं पाहिली. या घराला लगेच हो म्हटलं ते तुमच्यासाठी. कोंढव्याला यायचं तर तुम्हाला अर्धं पुणं ओलांडावं लागायचं. आता वाघोली आली की घर आलंच म्हणा. मी तुमच्या बाजूला सरकलेय, एवढं तरी लक्षात घ्या.

नव्या सोसायटीत रविवारी सामान आणू देत नाहीत, म्हणून शनिवारीच सगळं उरकायचं होतं. लिफ्ट सामानासाठी पाचपर्यंतच. टेम्पो दोनला यायचा तो चार वाजून गेल्यावर आला. पलंग, फ्रीज, कपाटं तेवढी लिफ्टने गेली. बाकीची खोकी अंधारात जिन्याने, तिसऱ्या मजल्यावर. चार माणसं ठरली होती, आली दोन. त्यातला एक अगदी पोरगेला, सारखा खोकत होता. त्याला बसवून चहा दिला आणि त्याच्या वाटची खोकी आम्ही दोघांनी उचलली. बाबा, तुमची पेटी मात्र टेम्पोत दिली नाही. रिक्षात मांडीवर घेऊन आणली, भाता दाबला जाऊ नये म्हणून वरून शाल गुंडाळून. तिला ओरखडाही नाही.

रात्री बोटं मिटेनात. कुकर कुठल्या खोक्यात आहे ते सापडेना, गादी उलगडायचंही त्राण नव्हतं. आणि तेवढ्यात खाली गाणी सुरू झाली. इथल्या चर्चची मुलं फेरीला निघाली होती. नवीन बिऱ्हाड आलंय कळलं म्हणून दाराशी येऊन दोन गाणी म्हणाली. त्यांना द्यायला घरात बिस्किटाचा पुडासुद्धा नव्हता. आई, आपल्या घरून फेरी कधी रिकाम्या हाताने गेली आहे का? मुलं गेल्यावर मी खोक्यावर बसून रडले. भिंगारची फेरी आठवली. बाबांच्या खांद्यावर मी झोपलेली, कानाला मफलर टोचतोय, आणि घर आलं की तू म्हणायचीस, "जागी हो गं, आपल्या दारात गाणं आलंय."

सामान लावायचं आहे, गॅसचं कनेक्शन बदलायचं आहे, धुळीने छोटीला ताप आहे. ही सगळी कारणं खरीच आहेत. पण ती नसती तरी या खेपेस माझ्याच्याने निघवलं नसतं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिलाय, चार दिवस वाकू नको म्हणाले. घाबरू नका, नुसता शिणवटा आहे. पण या अवस्थेत आले असते तर आई, तू पाट सोडून माझे पाय चेपत बसली असतीस.

म्हणून ठरवलंय. हे सोमवारी, 29 ला गाडी घेऊन येतील आणि तुम्हाला घेऊन येतील. बाबा, 75 झाल्यापासून एसटीला तिकीट लागत नाही हे मला माहीत आहे, पण सुट्ट्यांत शिक्रापूर-वाघोलीला गाड्या तासन्‌तास अडकतात, तेवढा वेळ तुम्ही बसमध्ये बसायचं नाही. तुमची खोली आधी लावली, आमची अजून खोक्यांत आहे. पूर्वेची खिडकी आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. संडासात कमोड आहे, धरायला दांडी कालच बसवून घेतली. मराठी उपासनेला रिक्षाने जाता येतं. परत जायची घाई करायची नाही.

तोवर ऐका. बाबांनी 24 च्या रात्री थंडीत बाहेर पडायचं नाही. 25 ला सकाळी ह्यूम चर्चला जा, रिक्षाने. आई, 30 घरांची ताटं यंदा नकोत. पाच घरांची कर, बाकीच्यांना दादा केक देऊन येईल, त्याला सांगितलंय. करंज्या खाली बसून लाटू नकोस, ओट्याशी स्टूल घे. रागावली असशील तर रागाव, पण गुडघा सांभाळ.

चांदणी सापडली, पण अजून लावली नाही. बाबा, तिच्या बांबूची एक कामटी निखळलीय. तुम्ही आलात की बांधून द्या, 6 जानेवारीपर्यंत ठेवू.

तुमचीच,
मोठी

ता. क. निळ्या पाकिटातल्या गोळ्या बाबांच्या, सकाळी नाश्त्याआधी. पांढरं पाकीट आईचं. मागच्या महिन्यासारखी अदलाबदल करू नका. आणि माझ्या वाटणीच्या करंज्या स्टीलच्या उभ्या डब्यात ठेव, दादाच्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा.